खिळलेली लेक

भुताखेतांना माणसं भितात. सोनीबाईचं उलटं होतं. मेलेली लेक आपल्याला दिसत नाही, स्वप्नातसुद्धा येत नाही, हे तिचं दुःख होतं. आणि हे दुःख कुणापाशी बोलायची सोय नव्हती. बोलली असती तर शिनोलीतल्या बायांनी दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरचं पाणी पिणं सोडलं असतं.

ती मूळची वरची, भीमाशंकरच्या अंगाच्या डोंगरातली. भाताची खाचरं, नाचणीचा उतार, बाकी सगळं जंगल. नवरा गेल्यावर तिथं एकटीनं निभेना, म्हणून शिनोलीत उतरली आणि एका खोलीत राहू लागली. कुणाकडं भात लावणी, कुणाकडं भांडी, असं करत करत तिला कळंबच्या पुढं हायवेला लागून असलेल्या एका शेडात काम मिळालं. पूर्वी तिथं बटाट्याचं गोडाऊन होतं. आता आतून पांढऱ्या टाइल्स लावल्या होत्या, पंखे होते, काचेच्या खोल्या होत्या, आणि पांढरे कोट घातलेली चारदोन पोरं तिथं गंभीर चेहऱ्यानं वावरत. सोनीबाई सकाळच्या एसटीनं मंचरला यायची, तिथून मिळेल त्या वडापच्या जीपनं शेडापर्यंत. काम एकच, काचेची भांडी धुणं. पण ते धुणं म्हणजे आपल्या घरचं नव्हे. सातदा धुतलेलं भांडंही तिथं मळकटच समजत.

त्या पोरांत हर्षाली होती. कळंबच्याच बागायतदार घरातली, पुण्यात शिकून आलेली आणि शिकूनही माणसांत राहिलेली. बाकीचे सोनीबाईला 'ओ मावशी' म्हणून हाक मारत आणि तिच्या हातात बाटल्या देत. हर्षालीनं पहिल्याच आठवड्यात तिला समोर बसवून इथं काय चालतं ते सांगितलं.

"मावशी, नरक्या माहीत आहे ना तुम्हाला?"

"न माहीत आसायला काय झालं? तोडला की नरकावानी घान येती त्याची. आमच्याकडं चुलीत बी घालत न्हाईत कोनी."

"त्याच नरक्यापासून कॅन्सरचं औषध करतात. त्यासाठीच गाड्या भरभरून नेला लोकांनी. आता रानात उरला नाही. म्हणून आम्ही काय केलं, झाडाच्या अंगात जी औषध करायची कला असते, ती घेतली आणि ह्या यीस्टमध्ये घातली. यीस्ट म्हणजे पावात घालतात ते, डोळ्यांना न दिसणारं. आता झाड तोडायला नको. टाकीतलं यीस्टच औषध करील. अजून पुरतं जमलेलं नाही, औषधाच्या अलीकडच्या पायरीपर्यंत आलोय."

"म्हंजी इरजण," सोनीबाई म्हणाली. "ह्या भांड्यातलं त्या भांड्यात लावायचं आन जपायचं."

हर्षाली हसली आणि म्हणाली, अगदी तसंच. हर्षालीच्या सगळ्या चुका अशाच, समोरच्याला सोपं जावं म्हणून केलेल्या.

भांडी धुण्याआधी त्यातलं उरलेलं कुकरमध्ये घालावं लागे. कुकर म्हणजे कमरेएवढं उभं यंत्र, आत वाफ, वर जड झाकण, आणि झाकणाच्या कडेनं सगळीकडं पिळायचे बोल्ट. त्याला ही पोरं 'किल करणं' म्हणत. "मावशी, हे किल करा," "मावशी, ते किल झालं का?" सोनीबाईच्या डोंगरी कानाला ते 'खिळणं' ऐकू आलं. त्यात तिला काही वावगंही वाटलं नाही. डोंगरात एखाद्याला झपाटलेलं असलं तर भगत ते भूत गाडग्यात बंद करतो, तोंड बांधतो, खिळा मारतो. इथं झाकण लावून बोल्ट पिळतात. जे बाहेर जाऊ नये ते खिळून ठेवायचं, ही रीत तिला समजण्यासारखी होती. शिकल्यासवरल्या माणसांनाही ती पटते याचं तिला थोडं बरंच वाटलं. कुणी तिला विचारलं नाही आणि तिनं कुणाला सांगितलं नाही. असा तो शब्द दीड वर्ष चुकीचा चालला.

आता आरतीचं सांगायला हवं.

आरती सोनीबाईची एकुलती लेक. नाकीडोळी बापावर गेलेली, बोलायला आईवर. तिला दिली ती आणखी वर, जंगलाला लागून असलेल्या एका वाडीवर. जावई सुभाष वाईट नव्हता, फक्त त्याला स्वतःचं तोंड नव्हतं. घरात चालायचं ते सासूचं, अंबाबाईचं. आरती पोटुशी राहिली, दिवस भरले, कळा सुरू झाल्या, आणि मूल काही सुटेना. अंबाबाईनं आधी गेणू भगताला बोलावलं. त्यानं तांदूळ टाकले, ऊद जाळला, बाहेरचं काही आहे म्हणाला. जीपला माणूस धाडला तो त्यानंतर. जीप आली, आरतीला घातलं, आणि डिंभ्याच्या धरणाचं पाणी दिसायच्या आत ती जीपमध्येच गेली. मूल पोटातच राहिलं. सोनीबाईला निरोप मिळाला तो जीप परत फिरल्यावर, लेकीला तिनं पाहिलं ते जीपच्या फळीवरच.

पोटुशी बाई गेली की ती सुखानं जात नाही, घराभोवती फिरते, असं तिकडं मानतात. तेव्हा तिसऱ्या दिवशी गेणूनं वाडीच्या शिवेवर एका जाड नरक्यात तिला खिळली. हिरवी चोळी, हिरव्या बांगड्या, लिंबू आणि लांब खिळे. नरक्याच का, तर घाणेरडं झाड, सरपणाला कुणी तोडत नाही, खिळा हलायचा नाही. जिवंतपणी जिला दवाखान्यात न्यायला जीप मिळेना, तिला मेल्यावर बांधायला मात्र भगत, लिंबू, खिळे सगळं वेळेवर हजर झालं. आईला कुणी विचारलंही नाही. सोनीबाईला ते कळलं कधी, तर घोडेगावच्या बाजारात हिरडा विकायला आलेली वाडीवरची एक बाई सहज बोलून गेली तेव्हा.

ती दुसऱ्याच दिवशी वर गेली. झाड सापडलं. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर खोडाला दोन फांद्या फुटलेल्या आणि त्या बेचक्याच्या खाली खिळे. तिनं एका खिळ्याला हात घातला, ओढलाही. पण मग तिला भीती वाटली. भुताची नव्हे. खिळा निघाला आणि पोर सुटली, तर ती जाईल कुठं? सासरी तिला कुणी उभं करणार नाही. माहेराची वाट तिला सापडेल याचा काय भरवसा? इथं निदान ठाव तरी आहे. आई कधी आली तर भेटेल असा ठाव. सोनीबाईनं खिळा तसाच ठेवला, झाडाला पाठ लावून दिवसभर बसली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आली.

ज्याअर्थी ती तिथं खिळलेली आहे, त्याअर्थी ती स्वप्नात येऊ शकत नाही, हा हिशेब तिनं स्वतःशी घातला होता. तो तिला पटत होता आणि सहनही होत नव्हता.

पुढं काही वर्षांनी तिचं अधूनमधून वर जाणंही थांबलं. गुडघे बोलू लागले होते. आणि नेमकं तेव्हा शेडात तो फोटो लागला.

मोठे साहेब सुदर्शन सर. त्यांच्या खोलीबाहेर पाहुण्यांना दाखवायला म्हणून मोठमोठे फोटो काचेत घालून लावले. सोनीबाई फडक्यानं काचा पुसत होती. एका फोटोत झाड होतं. कमरेएवढ्या उंचीवर दोन फांद्या फुटलेल्या. त्याखाली गंजलेले खिळे, आणि सालीनं अर्धा गिळलेला हिरव्या काचेचा तुकडा.

फडकं तिच्या हातातच राहिलं. हर्षाली मागून जात होती, ती थांबली.

"काय झालं मावशी?"

"ह्ये झाड कुठलं?"

"हेच आपलं झाड. सुरुवातीला पानं आणली ना, ती ह्याचीच. सगळं रान पालथं घातलं आम्ही तेव्हा. कोवळी रोपं होती थोडी, पण जुनं जाड खोड एवढंच उरलेलं. हेच का राहिलं कुणास ठाऊक. आणि खिळे बघा कसे मारलेत, जंगलखात्याचा नंबर असेल."

ते का राहिलं हे सोनीबाईला ठाऊक होतं. नरक्या चोरून तोडणाऱ्यांनी सगळं रान साफ केलं, पण खिळलेल्या झाडाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. आरतीनं ते झाड राखलं होतं.

"आन त्या झाडाचं हितं काय हाय म्हनालीस?"

"झाडाचा जीवच म्हणा ना," हर्षाली म्हणाली. तिला वेळ नव्हता आणि सोपं बोलायची तिची सवय होती. "चला, दाखवते."

तिनं सोनीबाईला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, नारिंगी काचांचा चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला आणि एका चंबूवर निळी बॅटरी मारली. चंबूतलं गढूळ पाणी हिरवं झालं. आतून उजेड फुटावा तसं हिरवं. "हा हिरवा रंग आम्ही खुणेला घातलाय," हर्षाली सांगत होती. "हिरवं दिसलं की समजायचं, झाडाचं ते आत आहे." सोनीबाई त्या हिरव्याकडं बघत राहिली. हिरवा चुडा भरलेले दोन हात तिच्या डोळ्यांपुढं आले, आणि ते हात अंगावर चादर ओढल्यानंतरही जीपच्या फळीवर धक्क्यांनी हलत होते हेही आठवलं.

त्या पहाटे आरती आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चुलीपाशी बसली होती, केस ओले, अंगाला नरक्याचा वास. बोलली नाही. आईकडं पाहिलंही नाही. नुसती निखाऱ्यांवर हात धरून शेकत होती. सोनीबाई जागी झाली तेव्हा खोलीत तो वास होता, निदान तिला तरी येत होता. ती उठून बसली आणि पोटभर रडली. ते रडणं आनंदाचं होतं, हे मी मुद्दाम सांगतो, कारण ऐकणाऱ्याला तसं वाटणार नाही.

त्यानंतर तिचं कामच बदललं. म्हणजे काम तेच, पण ती ते देवघर आवरावं तसं करू लागली. चंबू एका यंत्रावर ठेवलेले असत आणि ते यंत्र त्यांना दिवसरात्र गोल गोल हलवत असे. त्या घरघरीपाशी ती उगीच उभी राहायची. कुणी नाही असं बघून बोलायची. "आज हर्षाली आली न्हाई गं, तिच्या भावाचं लगीन हाय." "पोटात काय दुकत न्हाई ना?" एकदा मोहितनं ऐकलं. मोहित टाक्या चालवणारा पोरगा, मंचरचा, तोंडानं जरा फटकळ. "मावशी, यीस्टला काय विचारता, त्याला पोट असतं व्हय?" सगळे हसले. सोनीबाईही हसली. नंतर तिनं आवाज खाली आणला एवढंच.

आणि वापरलेलं उरलंसुरलं कुकरमध्ये घालताना ती सर्वांत जपायची. झाकण नीट बसलं का, बोल्ट सारखे पिळले का, दोनदोनदा बघायची. बाहेर सांडून भटकू नये, खिळलेलीच राहावी. नंतर जे पाणी मोरीत ओततात ते नुसतं पाणी, पोर कुकरातच थांबते, अशी तिची समजूत. त्या कुकरला तिनं एकदा हळदीकुंकूही लावलं. सुदर्शन सरांनी ते पुसायला लावलं, रागावले मात्र नाहीत.

आरती पहाटे येत राहिली. कधी उंबऱ्यात बसायची, कधी पाण्याच्या हंड्यापाशी. केस ओलेच असायचे.

मग एके दिवशी सुदर्शन सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की काम बंद होतंय. पदार्थ होत होता, पण चिमूटभरच, आणि वाढता वाढेना. दुसऱ्या देशात कुणी तरी पुढं गेलं होतं. हैदराबादच्या मुख्य कंपनीनं शेड बंद करायचं ठरवलं. यंत्रं जाणार, माणसं आपापल्या वाटेनं. आणि शेडातलं जिवंत जे असेल ते सगळं किल करायचं, एक थेंब बाहेर जाता कामा नये. तसा नियमच होता.

शेवटच्या दिवशी कुकरपाशी सोनीबाई आणि मोहित दोघंच होते. चंबू, बाटल्या, टाकीतून भरलेली कॅन, सगळं मांडलेलं.

"ह्ये सगळं खिळून मंग कुठं ठिवायचं?" सोनीबाईनं विचारलं.

"ठेवायचं? ठेवायचं कशाला? किल करून मोरीत ओतायचं, रोजच्यासारखं."

"न्हाई, खिळल्यावर त्ये ऱ्हातं कुठं?"

मोहितला काही कळेना. मग तो म्हणाला, "मावशी, किल म्हणजे मारणं. मारून टाकायचं. वाफेनं शिजून मरतात ती. रोज तुम्ही तेच तर करताय की."

सोनीबाईनं झाकणाच्या कडेला धरलं. तिचा चेहरा असा झाला की मोहित घाबरला आणि पाणी आणायला धावला. त्याला वाटलं, वाफ लागली. तिच्या डोळ्यांपुढं मात्र दीड वर्षाच्या सकाळी चालून येत होत्या. रोज सकाळी तिनं, तिच्या ह्याच हातांनी, बोल्ट दोनदोनदा पिळून. गेणूनं निदान खिळली होती. त्यानं मारली नव्हती.

मोहित पाणी घेऊन येईपर्यंत तिनं जेवणाच्या डब्यातली लोणच्याची डबी रिकामी केली होती, धुतली होती आणि एका चंबूतून तिच्यात ओतून घेतलं होतं. डबी पदराआड गेली. मग उरलेल्यावर झाकण तिनंच लावलं. ती न लावती तर मोहितनं लावलं असतं, आणि तो काही बोलत बोलत, शीळ घालत लावणार. सोनीबाईनं बोल्ट पिळले आणि कुकर थंड होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

शिनोलीत डबीतलं एका स्टीलच्या गडूत गेलं. गुळाचं पाणी कोमट करून तिनं त्यावर घातलं, फडकं बांधलं आणि गडू उबेला चुलीच्या मागं ठेवला. दुसऱ्या दिवशी फेस आला. रोज थोडं काढायचं, थोडं घालायचं. विरजण जगवणं तिला कुणी शिकवायला नको होतं. शेजारची भागू एकदा आत डोकावली. तिला वाटलं ताक आहे, म्हणून वाटी पुढं केली. सोनीबाई तिच्या अंगावर अशी ओरडली की भागू पुढं महिनाभर बोलली नाही.

आणि आरती सुधारली. खरंच सुधारली. केस वाळले. गालांना रंग आला. नरक्याचा वास कमी कमी होत गेला. एका पहाटे तिनं आईकडं मान वळवून पाहिलं. एकदा तर हसली, लहानपणी हसायची तशी, नाकाला आठ्या घालून. सोनीबाई गूळ वाढवत गेली. स्वतःच्या चहात गूळ नसला तरी गडूत पडत होता. चांगला पिवळाधमक, बिनमातीचा गूळ निवडून आणायची. पोरीला माहेरपण कधी मिळालंच नव्हतं, ते आता चाललं होतं.

मग आरती एखादी पहाट चुकवू लागली. आली तरी उंबऱ्याबाहेर उभी, पाठमोरी. पुढं नुसता पदर दिसायचा. पुढं तोही नाही. गडूला फेस मात्र भरपूर येत होता, पूर्वीपेक्षा जास्त. सोनीबाई फडकं सोडून आत बघत बसायची. सगळं ठीक दिसत होतं आणि आत कुणी नव्हतं. रिकाम्या घराला जसा ओळखू येणारा एक आवाज असतो, तसं काहीसं तिला त्या गडूपाशी वाटू लागलं. जेवण जाईना. एके दिवशी तिनं गडूला दोन फडकी बांधली, पिशवीत उभा धरला आणि कळंबला हर्षालीच्या घरी गेली.

हर्षाली आता नारायणगावला एका डेअरीत दुधाची तपासणी करत होती. सुट्टीचा दिवस होता, घरीच होती. मागच्या दारी कांद्याच्या चाळीत माणसं कांदा निवडत होती. गडूत काय आहे ते ऐकून ती आधी पांढरी पडली.

"मावशी, हे बाहेर आणायचं नव्हतं. नियम असतात. माझी, सरांची, सगळ्यांची..." आणि मग सोनीबाईच्या तोंडाकडं बघून ती थांबली. "का आणलंत?"

सोनीबाईनं सांगितलं. झाड, खिळे, जीप, हिरव्या बांगड्या, कुकर. सगळं एका सुरात, भाजीचा भाव सांगावा तसं. फक्त कुकरपाशी आल्यावर तिचा आवाज फुटला. हर्षाली ऐकत होती. तो फोटो तिनंच काढलेला होता. नीट यावा म्हणून काचेच्या तुकड्यावरची माती तिनं आपल्या रुमालानं पुसली होती.

"आता ती येत न्हाई," सोनीबाई म्हणाली. "तुजी ती निळी बॅटरी हाय का? बग जरा. हाय का ती आत."

बॅटरी होती, शेडातून आणलेला नारिंगी चष्माही होता. दोघी धान्याच्या अंधाऱ्या खोलीत गेल्या, दार लावलं. हर्षालीनं चष्मा सोनीबाईला दिला. स्वतः तशीच बघू लागली, मग चष्मा मागून घेऊन पुन्हा बघितलं. गडूतलं पाणी काळंच राहिलं. पेल्यात काढून बघितलं. कुठं हिरवी कणीसुद्धा नाही.

"मेली का?"

"नाही मावशी, यीस्ट जिवंत आहे. चांगलं जोमात आहे. पण झाडाचं ते त्यात नाही राहिलं. टाकून दिलं त्यानं."

"कोनी टाकलं?"

"कुणीच नाही. आपोआप होतं ते. झाडाचं जे घातलेलं असतं ते यीस्टला परकंच, ओझं असतं त्याच्यावर. प्रयोगशाळेत आम्ही त्याला मुद्दाम अडचणीत ठेवायचो. ते अंगात असेल तोच जगेल, असंच खाणं द्यायचं. मग झक मारत सांभाळतं. तुम्ही गूळ दिलात. गूळ कुणालाही पचतो. मग ओझं कशाला वाहील? ज्यांनी टाकलं ते भराभर वाढले. ज्यांनी सांभाळलं ते मागं पडत पडत संपले."

सोनीबाईनं ते नीट समजून घेतलं. तिला समजायला वेळ लागला नाही, उलट हर्षालीनं इतकं चांगलं आजवर कुणालाच समजावलं नव्हतं.

"म्हंजी तिला तरास व्हता तवर ती ऱ्हायली. मी लाड केले म्हनून गेली."

"तसं नाही मावशी."

"तसंच हाय." तिनं गडूवरची फडकी उचलून घडी घातली. "वत ह्ये मोरीत. त्यात आता कोन न्हाई."

हर्षालीनं आधी पाणी उकळलं, मगच गडू त्यात रिकामा केला. नियम तो नियम. मोरीशी पाठमोरी उभी राहून ती मनात काही तरी शोधत होती, ह्या बाईला द्यायला काही तरी. आणि तिला ते सापडलं. ती वळली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता.

"मावशी, पण सगळं नाही संपलेलं. शेड बंद करताना पहिली एक कुपी आम्ही हैदराबादला पाठवलीय. मूळची, पानांपासून केली ती. तिथं मोठी गार पेटी असते, उणे ऐंशी डिग्रीची. त्यात ठेवलीय. तिथं काही टाकून देता येत नाही. वाढणं नाही, मरणं नाही, बदलणं नाही. जसं ठेवलं तसंच राहतं, वर्षानुवर्षं. हिरवंच आहे ते अजून."

सोनीबाईनं रिकामा गडू तिच्या हातातून घेतला आणि पदरानं पुसू लागली. चाळीतून कांदा पाटीत पडल्याचे आवाज येत होते.

"सुटत न्हाई तिथनं?"

"छे. अगदी सुरक्षित."

"लई गार आसंल."

"हो, पण त्यांना काही कळत नाही, मावशी. झोपल्यासारखंच असतं."

"कोनी बगाया जातं?"

"काम पडलं तर. एरवी कोण उघडणार?"

सोनीबाईनं रिकामा गडू पिशवीत ठेवला, पिशवी खांद्याला अडकवली. दारापाशी जाऊन ती पुन्हा वळली.

"पोरी," ती म्हणाली, "तिथं भांडी धुवायला बाई लागत आसंल का?"